पाहुण्याला आधी विचारा: केळी परिषदेच्या आयोजन समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
आयोजन समिती, आंतरराष्ट्रीय केळी परिषद, जळगाव

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमचं परिपत्रक हातात पडलं. दुसरी परिषद 17, 18 आणि 19 फेब्रुवारी 2027 या तीन दिवशी भरणार आणि 'सर्व व्यवस्था मागील परिषदेच्याच धर्तीवर' राहणार, असं त्यात आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं. मागच्या परिषदेत मी तुमची स्वयंसेविका होते. तीन दिवस पाहुण्यांच्या बरोबर फिरले, शिवारफेरीत तुमच्या दोन बस आमच्या बागेत आल्या होत्या आणि शेवटच्या रात्री चार परदेशी पाहुणे आमच्या घरी जेवले. 'मागील धर्तीवर' म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यानंतर समितीला मी दोन पत्रं लिहिली. एकाची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

परिषद व्हावी, असं मला मनापासून वाटतं, हे आधी सांगते. माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर रावेर तालुक्यातलं, दोन्हीकडे केळी. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या देशांत केळी हेच रोजचं अन्न आहे तिथला शेतकरी आमच्या बांधावर उभा राहून झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलाकडे बोट दाखवतो, तेव्हा जे शिकायला मिळतं ते मानांकनाने मिळत नाही. मागच्या वेळी युगांडाच्या एका शेतकऱ्याने आमच्या बागेत घड हातात तोलून पाहिला आणि विचारलं की तुम्ही ही कच्ची का शिजवत नाही? त्यांच्याकडे मातोके म्हणजे हिरवी केळी वाफवून, कुस्करून केलेलं रोजचं जेवण. मला तो प्रश्न आजही पुरतो आहे. अशा भेटी वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

पहिली गोष्ट तारखांची.

2027 साली रमजान साधारण 8 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो आणि चंद्र दिसेल त्याप्रमाणे 10 मार्चच्या आसपास ईद येते. म्हणजे परिषदेचे तिन्ही दिवस रोज्यांचे. तुमच्या यादीत इंडोनेशियाचे पाहुणे आहेत, सुदानचे आहेत. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी 1 ते 4 शिवारफेरी आहे आणि संध्याकाळी 6 ते 8 सत्कार समारंभ. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. दिवसभर पाण्याचा घोट न घेतलेल्या माणसाला रोजा सोडायच्या नेमक्या वेळी तुम्ही शाल घ्यायला स्टेजवर बोलावणार आहात. प्रवासात रोजा पुढे ढकलायची मुभा असते, काहीजण ती घेतील, काही घेणार नाहीत. ते ज्याचं त्याने ठरवायचं. आपण पत्रिका छापून त्यांच्यासाठी ठरवून टाकायचं नाही.

यात परदेशी पाहुण्यांचाच प्रश्न आहे असं समजू नका. सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्या रावेर-यावलमध्येच, तडवी भिल्ल समाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या बागांत राबणारी ही माणसं, आता कित्येकांच्या स्वतःच्या बागा आहेत, आणि ती रोजे धरतात. तुमच्या समितीत त्यांच्यातलं एक माणूस असतं तर ही तारीख पहिल्याच बैठकीत बदलली असती. कॅलेंडर उघडायचीही गरज पडली नसती.

आणखी पाहा. 19 फेब्रुवारी हा समारोपाचा दिवस शुक्रवार आहे, जुम्मा आहे, आणि त्याच दिवशी शिवजयंती. मिरवणुका निघणार, रस्ते बंद होणार. पाहुण्यांना शिवजयंती दाखवायची असेल तर तसं ठरवून, समजावून दाखवा. बसमध्ये दोन तास अडकवून नको. 17 तारखेचा बुधवार आणि 19 चा शुक्रवार हे इथियोपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवासाचे वार. त्या दोन दिवशी त्यांना मांस, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूपही चालत नाही. तुमच्या स्वागताच्या ताटात पेढा असतो.

कुठलीच तारीख सगळ्यांना सोयीची नसते, हे मला कळतं. मीही वही घेऊन बसले होते. जानेवारीचा तिसरा आठवडा पाहिला, तर 19 तारखेला इथियोपियाचा टिमकत सण. पुढे गेले तर 26 जानेवारी. त्याच्या पुढे 6 फेब्रुवारीला चिनी चांद्र नववर्ष, म्हणजे व्हिएतनाम आणि तैवानचे लोक घर सोडणार नाहीत. तरी 21 ते 23 जानेवारी हे तीन दिवस निघाले. शुक्रवार त्यातही आहे, पण त्या दिवशी तूप बाजूला ठेवलं आणि दुपारी नमाजाला तासभर मोकळा ठेवला की झालं. थंडी असते, भरिताची वांगी बाजारात असतात, बाग हिंडायला ऊन सोसतं. तुम्हाला याहून चांगली तारीख सापडली तर आनंदच आहे. फक्त ती पाहून निवडलेली असावी, मुख्य पाहुण्यांच्या सवडीवर नव्हे.

दुसरी गोष्ट स्वागताची. ही लिहिताना मला जड जातंय, कारण त्या दिवशी ताट धरून उभ्या असलेल्या मुलींमध्ये माझी भाचीही होती.

दारातच ओवाळणी, कुंकू, मग फेटा. इंडोनेशियाहून आलेल्या संशोधक बाई हिजाबात होत्या. कुंकवाचं बोट कपाळाकडे आलं तशा त्या थोड्या मागे सरल्या. मागे कॅमेरेवाले उभे, पुढे ताट. भाची गोंधळली, तिने बोट टेकवलंच. फेटेवाल्याने हिजाबावरूनच फेटा चढवला. डोक्याला परक्याने हात लावणं त्यांच्याकडे अपमानाचं मानतात, हे त्याला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "प्रेमाने केलं हे मला कळलं. आधी विचारलं असतं तर मी फूल घेतलं असतं." माझी भाची त्या रात्री रडली. तिची चूक नव्हती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि बाईंनाही नव्हतं. दोघींच्या मध्ये तुमची समिती होती आणि तिने एक ओळ लिहायचे कष्ट घेतले नव्हते: दारात असं असं स्वागत होईल, यातलं तुम्हाला काय चालेल?

ओवाळू नका असं मी म्हणत नाही. आपली रीत आपण का सोडायची? युगांडाच्या शेतकऱ्याने तोच फेटा तीन दिवस डोक्यावरून उतरवला नाही. पण खान्देशात आपण आग्रहाला पाहुणचार समजतो. नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली की आपल्याला बरं वाटतं. घरच्या माणसाला त्या आग्रहातली माया कळते, कारण त्याला नको म्हणायची वाटही माहीत असते, तो ताटावर आडवा हात धरतो. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला ती वाट ठाऊक नसते. त्याला वाटतं, नाकारलं तर यांचा अपमान होईल. मग तो गिळतो, कपाळ पुढे करतो, आणि आपण समजतो की पाहुणा खूश आहे.

जेवणाचंही हेच झालं. शाकाहारी स्वयंपाक ठेवलात हे उत्तम केलंत, हे मी मोकळेपणाने सांगते. हलाल-कोशरचे अर्धे प्रश्न तिथेच संपतात. पण मग हॉटेलच्या लोकांना बोलावून 'कॉन्टिनेंटल' आणि 'चायनीज' असे दोन काउंटर लावलेत, आणि मैद्याच्या नूडल्स व साय घातलेला पास्ता याला परदेशी जेवण म्हटलंत. पाहुण्यांतल्या एका जर्मन बाईंना गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नव्हतं, आतड्याचा आजार आहे त्यांना. तीन दिवस त्यांनी काकडी, टोमॅटो आणि केळी खाल्ली. तिथून दहा मैलांवर घरोघर कळण्याची भाकरी थापली जात होती. ज्वारी आणि उडीद, त्यात गव्हाचा कणही नसतो, परात आणि जातं वेगळं ठेवलं म्हणजे झालं. इथियोपियाच्या पाहुण्यांना बुधवारी काय द्यायचं म्हणून तुमच्या भोजन उपसमितीने कपाळाला हात लावला होता. वांग्याचं भरीत तेलात होतं, ठेचा तेलात होतो, भाकरीला तूप लागत नाही. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचं रोजचं ताट त्यांच्या उपवासाला जसंच्या तसं चालतं, आणि ते आपण मांडलंच नाही, कारण परदेशी पाहुण्यांपुढे भाकरी ठेवायची आपल्याला लाज वाटली.

एक धोकाही सांगते. आपल्या जेवणात शेंगदाणा सगळीकडे असतो: भरितात, ठेच्यात, भाजीच्या रश्श्यात, फोडणीच्या तेलात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाचा दोन घासांत श्वास कोंडू शकतो. मागच्या वेळी एकाही भांड्यावर चिठ्ठी नव्हती. काही झालं नाही हे नशीब. तीळ, दूध, गहू, शेंगदाणा यांची चार चित्रं कागदावर छापून भांड्यापुढे ठेवायला पन्नास रुपये लागतात.

शेवटच्या रात्री त्या जर्मन बाई, इथियोपियाचे संशोधक, युगांडाचे शेतकरी आणि इंडोनेशियाच्या बाई आमच्याकडे आल्या. मी घाईत पुरणपोळीचा घाट घालत होते. सासूबाई म्हणाल्या, "तिले काय खायाले चालते ते पह्यले इचार ना व." मी विचारलं. मग पुरण बाजूला ठेवलं आणि भाकरी, भरीत, ठेचा केला. जर्मन बाईंनी तीन भाकरी खाल्ल्या. इथियोपियाच्या पाहुण्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे एनसेत नावाचं केळीसारखंच दिसणारं झाड असतं. त्याचं फळ खात नाहीत. जमिनीतला कंद आणि खोडाचा गर काढून खड्ड्यात पुरतात, महिनोन्‌महिने आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. कोट्यवधी माणसं त्यावर जगतात. त्यांच्याकडे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, हेही तेव्हाच कळलं. सासूबाईंना ते एकदम पटलं. त्या चौथीच्या पुढे शिकलेल्या नाहीत, त्यांना इंग्रजी येत नाही, पण तीन दिवसांत तुमच्या कुठल्याही चर्चासत्रात एनसेतबद्दल एवढं बोलणं झालं नव्हतं.

का झालं नव्हतं? कारण चर्चासत्रं इंग्रजीत होती आणि उद्घाटनाची भाषणं मराठीत. उद्घाटन एक तास पन्नास मिनिटं उशिरा सुरू झालं, मग चाळीस मिनिटं सत्कार, मग भाषणं. पाहुण्यांना त्यातला शब्द कळला नाही. दुसऱ्या दिवशी उलट. आमचे शेतकरी मागच्या रांगेत मुकाट बसले, इक्वेडोरचे स्पॅनिश बोलणारे पाहुणे पुढच्या रांगेत मुकाट बसले, आणि मधले चार जण इंग्रजीत बोलत राहिले. दुभाषा एकच होता, बाहेरगावाहून आणलेला, आणि त्याला सलग तीन तास बोलायला लावलंत. एकाच वेळी ऐकून भाषांतर करणारे दुभाषे जोडीने बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्याहून जास्त वेळ डोकं तो भार सोसत नाही. त्या मुलाचा मला राग नाही. आमचे एक काका उठून कांदेबागेतल्या थंडीबद्दल बोलले, तर त्याने ती कांद्याची बाग केली. युगांडाच्या पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही केळीत कांदा लावता का? मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे हंगाम आहेत, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं, हे शब्द पुस्तकी मराठीत नाहीत. ते आमच्या लेवा बोलीत आहेत, पलीकडच्या अहिराणीत आहेत. जळगावच्या विद्यापीठात आणि कृषी महाविद्यालयांत या गावांतली कितीतरी मुलं-मुली शिकतात, ज्यांना बागही कळते आणि इंग्रजीही. त्यांना तुम्ही पार्किंगच्या ड्यूटीवर ठेवलं होतं.

नावांचा प्रश्न छोटा वाटेल, मला तो छोटा वाटत नाही. तुमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंडोनेशियात कित्येकांचं नाव एकच शब्दाचं असतं. त्या बाईंनी शेवटी तेच नाव दोनदा लिहिलं आणि त्यांच्या बिल्ल्यावरही ते दोनदा छापून आलं. इथियोपियात आडनाव नसतंच. स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं. तुम्ही त्या दुसऱ्या नावापुढे 'सर' लावलंत. तो माणूस तीन दिवस आपल्या वडिलांच्या नावाने हाक ऐकत होता. ते वडील वारले आहेत, हे मला आमच्या ओसरीवर कळलं. फॉर्ममध्ये एकच रकाना ठेवा: 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारावी?' तेवढंच पुरे.

आता शिवारफेरी. इथे मी सगळ्यात जास्त दुखावले आहे, आणि इथे आमच्या पोटाचाही प्रश्न आहे.

केळीचं झाड वाळवणाऱ्या पनामा या बुरशीच्या रोगाची टीआर4 ही जात मातीतून पसरते. चिखल लागलेला बूट, कोयता, गाडीचं चाक, काहीही तिला पुरतं, आणि एकदा जमिनीत शिरली की ती तिथे दशकानुदशकं टिकते. आपल्या बागांतलं ग्रँड नैन हे केळीचं वाण तिच्यापुढे उभं राहू शकत नाही. फिलिपाइन्स, इंडोनेशिया, मोझांबिक, कोलंबिया, पेरू इथे ती पोचली आहे. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडली आहे. त्यामुळे बागेच्या तोंडाशी पाय धुण्याची जंतुनाशकाची ट्रे असावी, असं मी मागच्या वेळीही लिहून दिलं होतं. ट्रे आली नाही. आमच्या बांधावर उतरल्यावर तुमच्या एका कार्यकर्त्याने फक्त आफ्रिकेतून आलेल्या पाहुण्यांना बाजूला घेतलं आणि बूट काढायला लावले. ते युगांडाचे आणि इथियोपियाचे होते. बिहारहून आलेले प्रतिनिधी, मनिलाहून आलेले शास्त्रज्ञ आणि स्थानिक पुढारी आपापल्या बुटांनिशी सरळ बागेत शिरले. रोग कुठे आहे याचा त्या बूट काढण्याशी काही संबंध नव्हता. माणसाच्या रंगाशी होता. युगांडाच्या पाहुण्यांनी एक शब्द न बोलता बूट काढले आणि अनवाणी आमच्या सरीतून चालले. मी घरातून चपला आणून दिल्या. त्यांनी आभार मानले, आणि मला वर बघता येईना.

नियम सगळ्यांना एक हवा. आमंत्रणातच लिहा की बागेत येताना स्वच्छ बूट आणा, बूट आम्ही देऊ, ट्रेमधून सगळे जातील, मंत्री असो की मजूर. क्वाटर्नरी अमोनियम वर्गातलं जंतुनाशक या बुरशीवर चालतं, ते कसं वापरायचं हे कृषी विज्ञान केंद्रातला कुणीही सांगेल. कारण समजावून सांगितलं तर यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. केळीवाला माणूस हे चटकन समजतो, मग तो कुठल्याही देशाचा असो.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट. बसमधून उतरल्यावर स्वागताला पावरा समाजाची नाचणारी मंडळी उभी केली होती, नंदुरबारकडून बोलावलेली. अंगावर राख, कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसं. हा वेश सातपुड्यातले लोक होळीला घेतात, नवसाने, पाळणी पाळून. तिकडच्या काठी गावची होळी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको. फेब्रुवारीच्या दुपारी, होळी आलेली नसताना, बससमोर तो वेश करायला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरातली मूर्ती उचलून दुकानाच्या काचेत ठेवण्यासारखं आहे. ते दोन तास उन्हात उभे होते आणि त्यांची पानं पाहुणे उठल्यावर मांडली गेली. 'भिन्न संस्कृतींचा संगम' असं तुमच्या बॅनरवर लिहिलं होतं. त्या बॅनरखाली जे उभे होते त्यांनाही एक संस्कृती आहे, तिलाही विचारावं लागतं. त्यांना बोलवा, अवश्य बोलवा, पण काय दाखवायचं ते त्यांना ठरवू द्या, मानधन ठरवून द्या, आणि जेवायला पाहुण्यांच्या पंगतीत बसवा.

बाकीचं थोडक्यात सांगते. आमंत्रणपत्रं तीन आठवडे आधी निघाली. परिषदेसाठीचा व्हिसा आयोजकांच्या आमंत्रणाशिवाय मिळत नाही. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांतून येणाऱ्याला पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घेतल्याचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरून त्याला थेट विलगीकरणात नेतात. युगांडाचे आणखी दोन शेतकरी एवढ्याचसाठी येऊ शकले नाहीत. नमाजाला जागा म्हणून जिन्याखालची खोली दिलीत, तिथे खुर्च्या रचलेल्या होत्या. निरोपाला श्रीफळ आणि केळीचं रोप दिलंत. माती लागलेलं रोप कुठल्याही देशाच्या विमानतळावर अडवतात, आणि अडवायलाच हवं. केळीच्या परिषदेने तरी ते करायला नको होतं. अभिप्रायाचे कागद पाहुण्यांनी भरून दिले होते, ते मी एका पोत्यात बांधून तुमच्या कार्यालयात पोचवले. पोतं कुणी सोडलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पैसे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. माझे आजोबा दहा वर्षांचे असताना फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, डिसेंबर 1936 मध्ये. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, देशाच्या कानाकोपऱ्यातून, वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या खाण्यापिण्याची माणसं आली होती. चित्रकार नंदलाल बोस यांनी सगळी सजावट बांबूतून आणि गावातल्या साध्या वस्तूंतून उभी केली. आजोबा पाण्याच्या घागरी वाहायला होते. ते सांगायचे की कुणाला कुठलं पाणी, कुणाची पंगत कुठे, हे आधी विचारून पाटीवर खडूने लिहिलेलं असायचं. आपल्याच यावल तालुक्यात, नव्वद वर्षांपूर्वी हे झालं. तुमच्याकडे ईमेल आहे.

माझ्या मागण्या अशा.

तारखा बदला आणि बदलण्याआधी तडवी समाजातल्या, परदेशी पाहुण्यांतल्या आणि शेतकरी बायांमधल्या प्रत्येकी दोन माणसांना समितीत घ्या. मान म्हणून नको, मत म्हणून घ्या.

आमंत्रणं दिवाळीच्या आत जाऊ द्या. त्याबरोबर एक पानाची प्रश्नावली जाऊ द्या, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये: हाक कोणत्या नावाने मारायची, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, कोणत्या वेळा प्रार्थनेसाठी मोकळ्या हव्यात, स्वागतात काय चालेल, फोटो चालेल का.

स्वयंपाक गावातल्या बचत गटांकडे द्या आणि प्रत्येक भांड्यापुढे त्यात काय आहे ते लिहा. प्रत्येक सत्राला दोन दुभाषे ठेवा, त्यातला एक बागेतला शब्द जाणणारा. उद्घाटन अर्ध्या तासात संपवा, सत्कार काढून टाका. नमाजासाठी आणि ज्यांना क्षणभर एकटं बसायचं आहे त्यांच्यासाठी स्वच्छ, मोकळी खोली द्या, शेजारी पाण्याची सोय ठेवा.

बागेच्या तोंडाशी ट्रे, सगळ्यांना. आणि मागच्या वेळी अनवाणी चालायला लावलेल्या पाहुण्यांना समितीच्या सहीने माफीचं पत्र पाठवा. त्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. इथियोपियाचं नवं वर्ष 11 सप्टेंबरला असतं, यंदा आपल्या पोळ्याच्याच आठवड्यात. मी त्यांना शुभेच्छा पाठवल्या तेव्हा त्यांनी विचारलं की पुढची परिषद कधी आहे. ते यायला तयार आहेत.

या कामांतलं जे मला जमेल ते मी करीन. प्रश्नावलीचा मराठी मसुदा या पत्रासोबत तुमच्या कार्यालयात दिला आहे, भाषांतराला कॉलेजातल्या तीन मुली तयार आहेत. पावतीवर माझं नाव आणि गाव आहे.

या आठवड्यात आमच्याकडे कांदेबागेची लागवड सुरू होते आहे. जानेवारीत ती रोपं चार महिन्यांची होतील, पाहुण्यांना दाखवण्याजोगी. शिवारफेरीच्या यादीत तुम्ही आमच्या बागेचं नाव मला न विचारता पुन्हा छापलं आहे. ते ठेवायचं की काढायचं, हे मी 30 सप्टेंबरपर्यंत तुमचं लेखी उत्तर वाचून कळवीन.

आपली,
रावेर तालुक्यातली एक केळी उत्पादक
आणि मागच्या परिषदेतली स्वयंसेविका